मदत हवी आहे: भावनांचे इंग्रजी शब्द आणि त्यांचं लिथुआनियन (उद्यापर्यंत!)

वैतागवाडी
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. आमच्या ॲपची शीट आहे. एका कॉलममध्ये इंग्रजी, शेजारी लिथुआनियन. लो, ऑन एज, नम्ब, बर्न्ट आउट, फीलिंग ब्लू, बटरफ्लाइज इन स्टमक, एंड ऑफ माय रोप, असं सगळं. व्हिल्नियसच्या (लिथुआनियाची राजधानी) क्लायंटने ती लालेलाल करून परत पाठवली. शेरा एवढाच, "असं कोणी बोलत नाही. आणि आमचे निम्मे युजर बायका आहेत." शब्द मी डिक्शनरीत बघून तपासलेत, बरोबर आहेत. कोणाला लिथुआनियन येत असेल तर नीट शब्द द्या प्लीज. उद्या दुपारी पाठवायचंय. त्यांची शेपटीवाली अक्षरं इथे टाकली की प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून देवनागरीत लिहा.

बोरूबहाद्दर
कसलं ॲप? शब्द दिसतात कुठे? बटणावर, वाक्यात की मथळ्यात? काहीच सांगितलं नाहीये.

वैतागवाडी
मूड ट्रॅकरचं. अजून कसलं असणार? शब्द हवेत फक्त.

सुखदा_७
ताई, मनाचा त्रास एकटीने सोसू नका. टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. माझ्या नणंदेला विपश्यनेने खूप फरक पडला. इगतपुरीला जाऊन या.

वैतागवाडी
अहो मी ठणठणीत आहे! शीट आजारी आहे.

पाणिनीचा नातू
लिथुआनियन ही संस्कृतचीच लेक. 'दिएवास दावे दांतिस, दिएवास दुओस दुओनोस.' देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. दिएवास म्हणजे देव, दांतिस म्हणजे दंत, अग्नीला उग्निस, धूराला दूमाई. तेव्हा इंग्रजीच्या नादी न लागता संस्कृतातून थेट भाषांतर करावं. विषाद, उद्वेग, खेद, सगळं तयार आहे.

खडूस डॉक्टर
लेक नाही, लांबची बहीण. दोघींची आई एक, इंडो-युरोपीय. लिथुआनियनने जुनी रूपं जपली म्हणून साम्य डोळ्यात भरतं. आणि ॲपच्या बटणावर 'विषाद' लिहिला तर व्हिल्नियसमधला माणूस काय दाबणार? ही म्हण दर सहा महिन्यांनी कोणीतरी इथे आणतंच. आपल्याकडे 'चोच दिली तो चाराही देईल' आहे, म्हणून मराठी ही चिमण्यांची भाषा ठरत नाही.

पाणिनीचा नातू
पाश्चात्त्यांनी ठरवलेली वंशावळ तुम्हाला प्रमाण. चालू द्या.

नेमुनासकाठची
मी लिथुआनियातल्या काउनासला मेडिकलला आहे, वॉर्डात पेशंट लिथुआनियनच बोलतात, त्यामुळे हे रोजचं आहे. पण आधी बोरूबहाद्दरांच्या प्रश्नाचं उत्तर द्या. बटणाच्या आधी काही येतं का? 'आय फील' वगैरे?

वैतागवाडी
हो, ते डीफॉल्ट आहे. 'आय फील' आणि पुढे बटणातला शब्द. लिथुआनियनला 'याउचूओसी' आणि पुढे शब्द.

नेमुनासकाठची
मग हे आधी सांगायचं ना! सगळा घोळ तिथेच आहे. 'याउचूओसी'नंतर येणारं विशेषण बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ऑन एजला तुमच्याकडे 'सुनेरिमेस' असणार. ते पुरुषाचं. बाई 'सुनेरिमूसी' म्हणेल. डिक्शनरी नेहमी पुल्लिंगीच रूप देते, म्हणून शीटमधल्या सगळ्या बायका पुरुष होऊन बसल्यात.

यातून सुटायची वाट मराठी माणसाला शिकवायलाच नको. आपण 'मला भीती वाटते' म्हणतो, 'मी भीत आहे' म्हणत नाही. तेही तसंच करतात. 'मान' म्हणजे मला. मान बैसू, मला भीती वाटतेय. मान नेरामू, मला अस्वस्थ वाटतंय. मान ल्यूदना, वाईट वाटतंय. मान सुंकू, जड जातंय. चतुर्थी लावली की बाई-पुरुष प्रश्नच मिटतो.

वैतागवाडी
पण ल्यूदना तर स्त्रीलिंगी आहे! आता पुरुष ओरडतील.

नेमुनासकाठची
दिसायला स्त्रीलिंगीसारखं, पण 'मान'सोबत ते नपुंसकलिंगी असतं. स्पेलिंग एकच. कोणी ओरडणार नाही.

क्रियापदांत तर त्यांचं आपल्यापेक्षा सोपं आहे. आपल्याला 'थकलो' की 'थकले' ठरवावं लागतं. ते 'पावार्गाउ' म्हणून मोकळे, बाई असो की बुवा. बर्न्ट आउटला 'पेर्देग्याउ', जळून गेलो किंवा गेले, हल्ली ऑफिसातले लोक सर्रास म्हणतात. ऑन एजला 'याउचू ईताम्पा', ताण जाणवतोय, हेही चालेल. एंड ऑफ माय रोपमधला दोर काढून टाका. 'नेबेतुर्यू येगू', आता ताकद उरली नाही. त्यातल्या 'नेबे'मध्ये 'होती, पण आता नाही' हे आपोआप येतं. नम्बला 'नुतिर्पेस' टाकलं असेल तर तातडीने काढा. पायाला मुंग्या आल्यावर ते म्हणतात. 'निएको नेयाउचू', काहीच जाणवत नाही, असं लिहा. ब्लूचं मेलीनास केलंय ना? तो फक्त रंग आहे. 'मेलीने' म्हणजे अंग काळंनिळं पडल्याचा डाग किंवा ब्लूबेरी. युजर गोंधळेल नाहीतर हसेल.

हिरवी मिरची
आणि पोटातली फुलपाखरं?

नेमुनासकाठची
'द्रुगेल्याई पिल्वे' असं शब्दशः आहे त्यांच्याकडे, पण ते प्रेमात पडल्यावर. परीक्षेच्या आधी म्हटलंत तर मैत्रिणी विचारतात, कोण आहे तो?

फॉन्टोबा
इथे प्रश्नचिन्हं का येतात ते आधी बघा. लिथुआनियनमध्ये ३२ अक्षरं, त्यातली ९ शेपटी, टोपी, टिंब किंवा रेघवाली. फाइल एक्सेलमधून सीएसव्ही केली असेल तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) तिथेच गेलं असणार. यूटीएफ-८ करून पुन्हा एक्स्पोर्ट करा. लोकांना वाटतं भाषांतर चुकलं, असते फाइल बिघडलेली.

वैतागवाडी
फाइल नीट आहे, इथली साइट जुनी आहे. हा प्रश्नच नाहीये!

बोरूबहाद्दर
फॉन्टोबांना हसू नका. लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला रशियाच्या झारने १८६४ ते १९०४ बंदी घातली होती. लोक पूर्व प्रशियात छापलेली पुस्तकं रात्री सरहद्दीवरून चोरून आणायचे. त्या माणसांना क्नीग्नेशिस म्हणतात, पुस्तकवाहू. एका लिपीसाठी चाळीस वर्षं.

पाणिनीचा नातू
आणि आपण इथे रोमनमध्ये मराठी टंकतो.

खडूस डॉक्टर
मूळ मुद्द्यावर येऊ या का? वैतागवाडी, तुम्ही मुळात चाक नव्याने बनवताय. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्यांची लिथुआनियन भाषांतरं आहेत, तिथल्या विद्यार्थ्यांवर तपासलेलीही आहेत. तीच घ्या. आपल्या मनाने शब्द बसवायचे, ते कोणी उलट भाषांतर करून तपासायचं नाही, आणि त्यावर आलेख काढायचे!

नेमुनासकाठची
डॉक्टर, ती निदानाच्या चाळणीसाठी. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस, असं विचारतात. इथे माणूस बसमध्ये उभ्या उभ्या बटण दाबणार. 'मागील दोन आठवड्यांत' कोण वाचत बसेल? कामं वेगळी आहेत.

शब्दांची काळजी मात्र पटते. वॉर्डात एक आजी छातीवर हात ठेवून 'मान सुंकू' म्हणत होत्या. श्वास घ्यायला जड जातंय की मन जड झालंय, दोन्ही त्याच शब्दात. सिस्टरने ईसीजी लावला आणि मग शेजारी बसून मुलाबद्दल विचारलं. दोन्ही लागलं. बटणावर हे कळणार नाही, म्हणून 'सुंकू' एकटं ठेवू नका.

खडूस डॉक्टर
तेच म्हणतोय. आणि 'ताकद उरली नाही' हे बटण कोणी रोज दाबत असेल तर ॲप पुढे काय करतं? लिथुआनियाचा आत्महत्यांचा दर अनेक वर्षं युरोपीय संघात सर्वात वरच्यांपैकी होता. तिथे नुसतं हसरं-रडकं तोंड दाखवून भागणार नाही. भावनिक आधाराची लाइन ११६ १२३ आहे, ती त्या पडद्यावर असायलाच हवी. हे क्लायंटच्या मानसतज्ज्ञाकडून लिहून घ्या, आमच्यासारख्या टवाळांकडून नको.

सुखदा_७
बघा, मी नंबरच सांगत होते.

वैतागवाडी
बरोबर आहे, तो पडदा क्लायंटकडेच सोपवते. पण 'याउचूओसी' कोडमध्ये जोडलेलं आहे. 'याउचूओसी मान ल्यूदना' होईल. कोड बदलायला डेव्हलपर तयार नाही, रिलीज लागलंय.

फॉन्टोबा
कोड कशाला बदलताय? 'आय फील'ची की (कोड ज्या नावाने मजकूर उचलतो ती नोंद) लिथुआनियन फाइलमध्ये रिकामी ठेवा आणि बटणाच्या कीमध्ये अख्खं वाक्य टाका. इंग्रजीला धक्का नाही. फक्त मजकूर रिकामा दिसला की ॲप परत इंग्रजी दाखवतं का, ते आधी तपासा. काही लायब्रऱ्या तसं करतात.

आणि आठवड्याचा रिपोर्ट असेलच ना, 'अमुक भावना इतक्या वेळा'? तिथे आकड्याप्रमाणे रूप बदलतं. १ कार्ता, २ कार्तुस, १० कार्तू, आणि २१ ला पुन्हा कार्ता. इंग्रजीसारखी दोनच रूपं ठेवली असतील तर पुढची शीटपण लाल येणार.

वैतागवाडी
अरे देवा, रिपोर्ट आहे. त्यात बटणातलाच शब्द उचलला जातो.

नेमुनासकाठची
उचलू नका. रिपोर्टला नाम लागेल आणि तेही द्वितीयेत. दुःख ल्यूदेसीस, पण 'दुःख जाणवलं' म्हणताना ल्यूदेसी. चिंता नेरिमास, तिथे नेरिमा. वेगळा कॉलम करा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी राउंड झाला की रूपं भरून देते. पण शेवटची नजर तिथल्या माणसाचीच हवी, माझी नको.

वैतागवाडी
व्यनि केलाय. रिकाम्या कीचं चाललं, इंग्रजी दिसत नाही. फॉन्टोबा, चहा माझ्याकडून.

हिरवी मिरची
धागा वर आलाच आहे तर, लिथुआनियात शाकाहारी माणसाचं कसं होतं? भाचा सप्टेंबरमध्ये निघालाय.

नेमुनासकाठची
बटाटा खात असेल तर सुखी राहील. त्सेपेलिनाई (बटाट्याचे मोठे भरलेले गोळे) सहसा मांस भरलेले असतात, पण पनीरसारख्या वार्श्केचेही मिळतात, मागून घ्यावे लागतात. बीट आणि केफिरचं (ताकासारखं आंबवलेलं दूध) गार गुलाबी सूप असतं, त्यात वर अंडं घालतात, आधीच नको सांगायचं. बाकीचं नव्या धाग्यात विचारा, मला वॉर्डात पळायचंय.