वर्गात जीव आणायचा तर आधी शिक्षकाने गप्प बसायला शिकावं

विज्ञानवाली:
मी आठवीला विज्ञान शिकवते. माझ्या तासाला टाचणी पडली तरी आवाज येईल इतकी शांतता असायची आणि मला त्याचा अभिमान होता. मग एकदा स्वतःचाच तास रेकॉर्ड करून ऐकला. मी प्रश्न विचारते, श्वास घेते आणि उत्तरही मीच देऊन मोकळी होते! मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात.

म्हणून आता थांबते. ग्लासात बर्फ तरंगतोय, तो वितळला की पाण्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील? आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, मग हात वर. बहुतेक हात "वाढेल"ला. उत्तर न सांगता म्हटलं, शेजारच्याला पटवून द्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात तोंड न उघडलेली, शेजारणीला सांगत होती, "अगं, बर्फाने आपल्या वजनाएवढं पाणी आधीच बाजूला सारलंय ना? वितळल्यावर तो तेवढ्याच जागेत मावेल." दुसऱ्यांदा हात वर झाले तेव्हा निम्म्याहून जास्त वर्ग "तेवढीच"कडे आला होता. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१पासून असंच शिकवत आले आहेत.

दुसरा प्रयोग तुकड्यांचा. धड्याचे चार भाग, चौघांच्या गटात प्रत्येकाकडे एकच. एकाच भागाची मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात काढली. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांवर धावून जात होती. शेजाऱ्याचं ऐकलं नाही तर आपलाच पेपर अर्धा राहतो, हे कळल्यावर मुलं ऐकू लागली. वर्ग एकजीव व्हायला स्नेहसंमेलन लागत नाही, एकमेकांची गरज लागते, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

खडू-फळा:
ताई, तळमळ पोचली, पण मी असहमत. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय. १/२ + १/३ = २/५ असं करणारी दोन मुलं शेजारी बसवली तर ती एकमेकांना २/५च पटवून देतात, आणि ठासून देतात. नवशिक्या मुलाच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. त्याला आधी पायऱ्या स्पष्ट दिसायला हव्यात. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६च्या लेखात हेच मांडलंय: नवख्याला स्वतः शोधायला सोडण्यापेक्षा नीट मार्गदर्शन करून शिकवलेलं जास्त टिकतं. वर्गात गलका झाला म्हणजे शिकणं झालं असं नाही. माझ्या शांत वर्गातही मुलं विचार करत असतात.

कोपऱ्यातली:
मी शिक्षिका नाही, विद्यार्थिनी होते. गटकार्य म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. दोघं काम करायचे, दोघं गप्पा मारायचे आणि गुण सगळ्यांना सारखे. काम मी करायचे आणि बोलायचे दुसरेच. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच अभियंत्याने फार पूर्वी दोर ओढणारी माणसं मोजली होती. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी झाला. वर्गात वेगळं काय होतं? आणि लाजाळू मुलाला बळजबरीने बोलतं करणं ही मला शिक्षाच वाटते.

आकडेवाला:
खडू-फळा सर, २०१४मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. २०१९मध्ये हार्वर्डच्या वर्गांत आणखी एक गोष्ट दिसली. सक्रिय वर्गातली मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. मेंदूला ताण पडला की समजत नाहीये असं वाटतं. सुंदर व्याख्यान ऐकून "कळलं" म्हणणाऱ्या मुलांवर म्हणूनच मी चटकन विश्वास ठेवत नाही.

खडू-फळा:
हे अभ्यास महाविद्यालयांतले. तिथल्या मुलांचा पाया झालेला असतो. माझ्यासमोर पाढे न येणारी मुलं बसतात. तीन सेकंद थांबणं मात्र शंभर टक्के मान्य. मीही थांबत नाही, आज मुद्दाम लक्ष ठेवलं. पण तुकड्यांच्या पद्धतीत कच्च्या मुलाने चुकीचं शिकवलं तर बाकी तिघांचं काय?

विज्ञानवाली:
सर, पहिल्याच वेळी तसं झालं. "लहान आतडं" वाट्याला आलेल्या मुलाने अन्न तिथे फक्त साठतं असं सांगितलं आणि तिघांनी ते इमानाने उतरवून घेतलं. चूक माझी होती. आता प्रत्येक भागाचा गट पक्का झाला की मी त्यांच्याजवळ बसून तोंडी विचारते आणि मगच मूळ गटात सोडते. अपूर्णांकांसारखी अगदी नवी गोष्ट असेल तर तुमचं बरोबर आहे, आधी फळाच. बर्फाचा प्रश्नही मी घनता शिकवून झाल्यावर घेतला होता, हे वर लिहायचं राहिलं.

कोपऱ्यातली, गुण गटाला द्यायचेच नाहीत. अ‍ॅरन्सन यांच्या पद्धतीतही परीक्षा ज्याची त्याने एकट्याने द्यायची असते. आणि तुमच्याकडचा तुकडा दुसऱ्या कुणाकडे नसतो, त्यामुळे तुम्हाला बाजूला सारून गटाचं भागत नाही.

कोपऱ्यातली:
गुण वेगळे असतील तर माझा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा लिहिण्याच्या त्या वेळेवर अवलंबून आहे. बर्फाच्या प्रश्नाला तुम्ही आधी वहीत लिहायला लावलंत ना? किती वेळ दिलात? मला तेव्हा दोन मिनिटं एकटीला मिळाली असती तर मी बोलले असते. बाकीच्यांचे हात वर गेले की माझं डोकं बंद पडायचं.

विज्ञानवाली:
जेमतेम अर्धा मिनिट दिला असेल. सोमवारी दोन मिनिटं देते, हातही डोळे मिटून वर करायला सांगते. काय होतं ते इथेच लिहीन.