मंडळीतल्या भावाला वकिलाची नोटीस: पंचांनी १ करिंथ ६ अर्धाच वाचला का?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. विषय नाजूक आहे. आमच्या मंडळीचं (चर्चचं) नाव मी सांगणार नाही, कुणी ओळखलीच तर कृपया इथे लिहू नका.

आमच्याकडच्या एका बंधूने दुसऱ्याला साडेतीन लाख रुपये दिले होते. घेणाऱ्याचं महापे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, काम मंदावलं होतं. परतफेडीचा चेक दिला, तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. मग फोन, वायदे, पुन्हा फोन. शेवटी देणाऱ्याने वकिलाकडून नोटीस पाठवली.

झालं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीने बोलावलं कुणाला, तर नोटीस पाठवणाऱ्याला! बायबलमधलं पौल प्रेषिताचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६ वाचून दाखवला: विश्वासणाऱ्याने भावावर परक्यांपुढे फिर्याद करू नये, त्यापेक्षा नुकसान सोसावं. नोटीस मागे घे, मे महिन्याच्या सुट्टीतून लोक गावाहून परतले की बसू. तोवर प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) पुढे आला नाहीस तर बरं, असंही एकाने सुचवलं. ज्याचा चेक परत आला तो मात्र रविवारी नेहमीप्रमाणे गायनात उभा होता.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याच अध्यायात पाचव्या वचनात पौल सगळ्या मंडळीला लाजवतो: भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आठव्यात तो नाडणाऱ्याला धरतो, तुम्ही भावांनाच नाडता म्हणतो. या दोन वचनांच्या मधलं सातवं तेवढं काढून पैसे बुडालेल्याच्या तोंडावर मारायचं, याला शास्त्र लावणं म्हणत नाहीत. ज्या मंडळीने निवाड्याची काहीच सोय केली नाही, तिला "कोर्टात जाऊ नको" म्हणायचा अधिकार कुठला?

चरईचे_काका

ठाण्यात मी बरीच वर्षं पंच होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. बेटा, तू पाचवं आणि आठवं वाचलंस, आता सातवं टाळू नकोस. तिथे पौल म्हणतो की खटले चालू आहेत इथेच तुमची हार झाली. प्रभूनेही मत्तय ५:४० मध्ये फिर्याद करून अंगरखा मागणाऱ्याला वरचं वस्त्रसुद्धा देऊन टाक म्हटलंय. हे काही पंचांनी शोधून काढलेलं नाही.

आणि आपल्या मंडळ्या कशा बनल्या ते विसरू नका. कुणी नगरचे, कुणी जालन्याचे, कुणी संगमनेरचे. नोकरीसाठी आलो, ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांत लागलो, भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये उपासना सुरू केली. इथे भावकी नाही. दवाखान्यात डबा मंडळीच आणते, मयतीला खांदाही तीच देते. दोन घरं कोर्टात गेली की आधी एक घर येणं सोडतं, मग त्यांचे व्याही, मग त्यांच्या इमारतीतले सगळे. साडेतीन लाख परत येतील. ती माणसं येतील का?

कोर्टनाका

व्यवसायाने वकील, उपासनेला मात्र जेमतेम वेळेवर पोचणारा. 😀 वचनांवर बोलणारे इथे खूप आहेत, मी तारखांबद्दल बोलतो, कारण "सुट्टीनंतर बसू" या वाक्यात खरा धोका आहे.

नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम १३८. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण सबळ कारण द्यावं लागतं. "आमचे पंच गावाला गेले होते" हे कारण मी तरी न्यायाधीशांपुढे सांगणार नाही.

म्हणजे पंचांनी त्याला नुसतं थांबायला सांगितलेलं नाही, हक्क सोडायला सांगितलंय. दिवाणी दाव्याला तीन वर्षं असतात हे खरं, पण चेकच्या तक्रारीचा दबाव वेगळा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोटीस म्हणजे खटला नव्हे. ती पोचल्यावर बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

खारघरवाला

काकांचा मान राखून विचारतो. चर्चच्या जमिनींसाठी, ट्रस्टी कोण आणि भाडं कुणाच्या खात्यात यासाठी, आपलेच लोक धर्मादाय आयुक्तांकडे जातात, तिथे नाही जमलं तर हायकोर्टात. दोन्हीकडचे अर्जदार विश्वासणारे. तेव्हा करिंथ ६ कुठल्या कपाटात असतो? गरीब माणसाच्या साडेतीन लाखांसाठीच तो बाहेर काढायचा?

चरईचे_काका

खारघरवाला, तो आपल्यावरचा डाग आहे, मी नाकारत नाही. पण मोठ्यांनी वचन मोडलं म्हणून लहानांनीही मोडावं, हा कुठला हिशेब?

खारघरवाला

हिशेब असा की पौल स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो (प्रेषितांची कृत्ये २५). फिलिप्पैच्या तुरुंगात, खटला न चालवता फटके मारलेत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं ठणकावतो. रोमकरांस १३ मध्ये तो अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. कोर्ट म्हणजे पाप असं त्याला वाटत असतं तर?

चरईचे_काका

त्यातल्या एकाही ठिकाणी पौलासमोर मंडळीतला भाऊ नव्हता. नीट वाचा.

नेरूळची_लेक

काकांचा हा मुद्दा बरोबर आहे, तरी मला वेगळ्याच ठिकाणी टोचतंय. "सोसून घे" हे वचन आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतं ते बघा. वडील गेले, गावाकडे घर आणि दीड एकर. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. कायदा इतका स्पष्ट आहे. मग हक्कसोडपत्राचा कागद येतो आणि त्याच्यासोबत पाळकसाहेब, "भावाशी वाद नको, प्रभू तुला दुसरीकडून देईल." भावाला कुणी येऊन सांगितलेलं मी ऐकलं नाही की तू सोस, बहिणीला दे.

सलाफहादाच्या पाच मुली गणना २७ मध्ये मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाचा वाटा मागितला. देवाने त्यांना सोसा म्हटलं नाही, त्यांचं म्हणणं रास्त आहे म्हटलं.

आणि एक गोष्ट आत्ताच वेगळी काढून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. हा अध्याय मालमत्तेच्या तंट्याबद्दल आहे. नवरा मारतोय, लेकराशी कुणी वाईट वागलंय, तिथे मंडळीत बसून मिटवायचं नसतं. मुलांच्या बाबतीत तर पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

चरईचे_काका

शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत, ताई. सलाफहादाच्या मुलींबद्दल मात्र गणना ३६ पण वाचा, त्यांना वंशातच लग्न करायची अट पडली.

नेरूळची_लेक

वाचलाय काका. अट घातली, वाटा काढून घेतला नाही.

साधा_विश्वासणारा

मला कुणी सांगेल का, हे पैसे व्याजाने दिले होते की हातउसने? धाग्यात हे कुठेच नाही.

ऐरोलीकर

व्याजाने. महिना दीड टक्का. वर्षभराहून जास्त काळ तो नियमित देत होता, मग थांबला. चेक मुद्दलाचा आहे.

साधा_विश्वासणारा

मग चर्चा इथून सुरू व्हायला हवी होती! दीड टक्का म्हणजे साडेतीन लाखांवर महिन्याला ५,२५० रुपये. वर्षाला १८ टक्के.

निर्गम २२:२५ म्हणतं, माझ्या लोकांपैकी गरिबाला उसने दिलेस तर त्याच्याशी सावकारासारखा वागू नको, व्याज लावू नको. आणि नहेम्या ५ उघडा. यरुशलेमचा कोट बांधायचं काम चालू असताना लोक रडत येतात: शेतं गहाण, द्राक्षमळे गहाण, मुलं-मुली गुलामीत, आणि सावकार कोण, तर आपलेच यहूदी भाऊ. अधिपती असलेला नहेम्या सरदारांना झापतो, त्यांच्याविरुद्ध मोठी सभा भरवतो, शेतं परत करा म्हणतो आणि "शंभरावा हिस्सा"सुद्धा. बहुतेक टीकाकार त्याचा अर्थ महिना शेकडा एक असा घेतात. आपला बंधू दीड घेत होता. ज्याला तुम्ही गरीब म्हणताय तो नहेम्याच्या सभेत सरदारांच्या बाकावर बसला असता.

ऐरोलीकर

बँकेच्या पर्सनल लोनचा दर काय असतो? त्याने एफडी मोडून पैसे दिले. एफडीचं व्याज त्याचंही बुडालंच ना. वर्कशॉप असलेला माणूस निर्गमातला "गरीब" कसा काय?

साधा_विश्वासणारा

धंद्यात भागीदारी घेतली असती तर तोटाही वाटून घेतला असता. भावाचा तोटा भावाचा आणि माझं व्याज माझं, हे मला पवित्र शास्त्रात कुठे सापडत नाही. लूक ६:३५ तर परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या म्हणतं. तिथवर जायची माझीही ताकद नाही, पण निदान मधल्या पायरीवर तरी यावं.

कोर्टनाका

मध्ये तोंड घालतो. ओळखीत एकदाच पैसे दिले तर तो सावकारीचा धंदा होत नाही. पण याच बंधूने मंडळीत आणखी चौघांना असंच व्याजाने दिलं असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आड येऊ शकतो. परवाना नसताना सावकारी हा गुन्हा आहे. धागाकर्त्याने त्याला हे हळूच विचारावं. इथे उत्तर लिहू नये!

तलावपाळीचा_कॅथलिक

परक्या घरात बोलतोय, पण राहवत नाही. आमच्या १९८३च्या कॅनन कायद्यात (कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेत) कलम १४४६ आहे: श्रद्धावंतांनी, विशेषतः बिशपांनी, न्यायाचा बळी न देता खटले शक्य तेवढे टाळावेत आणि वाद लवकरात लवकर शांततेने मिटवावेत. "न्यायाचा बळी न देता" हे तीन-चार शब्द तुमच्या पंचांच्या सल्ल्यात नाहीत, असं मला दिसलं. बाकी आमच्याकडेही गावठाणातल्या घरांवरून सख्खे भाऊ एकाच मिस्साला वेगवेगळ्या दारांनी आत येतात. कायदा पुस्तकात छान आहे.

खारघरवाला

😂 वेगवेगळ्या दारांनी. आमच्या हॉलला एकच दार आहे, ही अडचण.

कोर्टनाका

आता कामाचं. पौलाला हवं होतं ते करायला भारतीय कायदाच वाट देतो, आणि हे कुणी पंचांना सांगत नाही याचं नवल वाटतं. लवाद आणि सलोखा कायदा, १९९६. दोघांनी लेखी कराराने मान्य केलं की अमुक माणसं आमचा पैशाचा वाद सोडवतील, तर त्यांचा निवाडा रीतसर बंधनकारक होतो. ठरलेल्या मुदतीत त्याला आव्हान दिलं नाही किंवा आव्हान फेटाळलं गेलं, की दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा तो बजावता येतो. लवादांची संख्या विषम हवी, एक किंवा तीन. दोघांपैकी कुणाचे जवळचे नातेवाईक नकोत. ज्याचे पैसे एखाद्या पक्षात अडकलेत असाही नको.

यात "प्रार्थना करून बसू आणि बोलू" एवढ्याने भागत नाही. लेखी करार लागतो, दोघांचं म्हणणं लेखी घ्यावं लागतं, निवाड्यावर सह्या लागतात. पंचकमिटीची अडचण बहुधा इथेच आहे. वचन वाचायला जबाबदारी लागत नाही, सही करायला लागते.

चरईचे_काका

शेवटचं वाक्य मला लागलं, पण खोटं नाही म्हणणार. आमच्या काळी आम्ही तोंडी मिटवायचो. काही मिटायची, काहींत गरीब गप्प बसायचा आणि आम्हाला मिटलं असं वाटायचं.

तरी माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. फिलेमोनाला पौल काय लिहितो? तुझा दास अनेसिम तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावे मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. मंडळीने असं पुढे व्हायला हवं. मदत फंडातून काही, चार घरांनी मिळून काही, उरलेले हप्त्याने. वकिलाची नोटीस हातात घेऊन असा भाऊ उभा राहत नाही.

ऐरोलीकर

काका, आमच्या मदत फंडात किती आहेत ते विचारू नका. पण तुम्ही तिसरे म्हणून याल का? एक माणूस देणाऱ्याने सुचवावा, एक घेणाऱ्याने, आणि तुम्ही आमच्या मंडळीचे नाही म्हणून बरं.

चरईचे_काका

येईन. अटी दोन. राहिलेलं व्याज सोडायचं आणि नोटीस मागे घ्यायची.

कोर्टनाका

पहिली अट चांगली. दुसरीला माझा विरोध. नोटीस राहू द्या, मुदतीच्या आत बसा. मिटलं तर तक्रार दाखलच होणार नाही. नाही मिटलं तर त्या माणसाचे हात बांधलेले नसतील. दाखल झाल्यावरही दोघांच्या संमतीने कधीही मिटवता येतं.

नेरूळची_लेक

आणि प्रभुभोजनाचं काय? त्यावर कुणीच बोललं नाही. मत्तय १८ मध्ये आधी एकट्याने, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीला सांगायचं. या बंधूने फोन केले, वायदे ऐकले, म्हणजे पहिली पायरी त्याने केली. दुसरी पंचांनी करायची होती. त्यांनी थेट त्यालाच बाहेर बसवायची भाषा केली.

ऐरोलीकर

आत्ताच त्याच्याशी बोललो. व्याज सोडायला तयार आहे, थोडं कुरकुरला. नोटीस मागे घेणार नाही म्हणतो. प्रभुभोजनाचं मी पाळकसाहेबांना लेखी विचारतोय.

चरईचे_काका

नोटिशीबद्दल माझं मत बदललेलं नाही, येऊन त्याच्या तोंडावर सांगेन. शनिवारी संध्याकाळी जमवा. घेणाऱ्याच्या बायकोलाही बोलवा, चेकवर सही त्याची असली तरी घरातला हिशेब तीच ठेवत असणार. आणि वकीलसाहेब, तो कराराचा कागद मराठीत लिहून पाठवा.