मदत हवी आहे: पेज (अ‍ॅरिझोना), अँटिलोप कॅन्यन अप्पर की लोअर?

सांजवारा
नमस्कार. आईबाबा भारतातून आले आहेत, त्यांना घेऊन पेजला जातोय. अँटिलोप कॅन्यन या दगडातल्या अरुंद घळीचे अप्पर आणि लोअर असे दोन वेगळे भाग आहेत, त्यातलं अप्पर बुक करावं की लोअर? अप्पर बरंच महाग आहे, तेवढा फरक पडतो का? दुपारी एकची वेळ दिसतेय, पण जागा भराभर जात आहेत. बाकी सगळी बुकिंग झाली आहेत, एवढंच अडलंय. आज रात्रीपर्यंत सांगा. "दोन्ही छान आहेत" असं नको, एक काहीतरी सांगा.

रानफूल
कोणत्या महिन्यात? कुठून येताय, पुढे कुठे जाताय? आईबाबांना जिने चढता-उतरता येतात का? हे कळल्याशिवाय सांगणं कठीण आहे.

डोंगरवेडा
लोअर, डोळे झाकून. अप्परला गर्दी फार. लोअरमधले दगडाचे वळसे जास्त सुंदर आहेत, शिवाय चालायला जास्त मिळतं. पैसेही वाचतात.

निखारा
पेजपर्यंत जाताच आहात तर 'द वेव्ह' या लाटांसारख्या दगडी उतारांच्या जागेच्या परमिटसाठी नक्की अर्ज करा. रोज फक्त ६४ जणांना सोडतात. चार महिने आधीची ऑनलाइन सोडत असते आणि त्याच भागात असाल तर दोन दिवस आधी फोनवरूनही अर्ज करता येतो. अँटिलोप सगळेच बघतात, हे नशिबात असावं लागतं.

रानफूल
@निखारा, ते जाऊन-येऊन सहा मैलांच्या वर आहे. आखलेली पायवाट नाही, सावली नाही. आईबाबांसोबतच्या सहलीत ते कुठे बसवायचं? धागाकर्त्याने महिनासुद्धा अजून सांगितलेला नाही.

निखारा
माझे सासरे सत्तरीत चालून आले. वयावरून आधीच नाही म्हणू नये.

सांजवारा
जुलैचा शेवट. व्हेगासहून निघतोय, आदल्या रात्री युटातल्या कॅनबला मुक्काम. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण ती रोज फिरायला जाते. बाबा ठणठणीत आहेत. अँटिलोप झालं की त्याच दिवशी मॉन्युमेंट व्हॅली, तिथे संध्याकाळी ५ ची जीप टूर बुक आहे. आता सांगा, अप्पर की लोअर?

रानफूल
गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर लोअर नको. सुरुवातीलाच उभ्या लोखंडी जिन्यांनी खाली उतरायचं असतं, आत अरुंद घळीत शिड्या आहेत, बाहेर पडतानाही चढ. मागे रांग असते, त्यामुळे थांबत थांबत चालता येत नाही. अप्परला गाडीने वाळूतून तोंडापर्यंत नेतात आणि घळ जमिनीच्या पातळीवर आहे. फक्त पूर्वीसारखं आतूनच परत येत नाहीत. आता एका बाजूने शिरून बाहेरच्या लोखंडी पुलांवरून परत यायचं असतं. त्यात थोडा चढ-उतार आहे, पण आपल्या गतीने चालता येतो. आणि जुलैत भर दुपारी वरून प्रकाशाचे झोत पडतात, ते अप्परलाच बघावेत. माझं मत अप्पर.

डोंगरवेडा
ठीक, ऑपरेशनचं आधी माहीत नव्हतं. मग अप्परच घ्या. एकटे परत गेलात तर लोअर बघा.

कृष्णाकाठ
एक वाजताचं बुकिंग करू नका! वेळेचं गणित चुकतंय. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन (नवाहो या मूळनिवासींचा स्वायत्त प्रदेश, मॉन्युमेंट व्हॅली त्यातच येते) करतं, युटाही करतं. म्हणजे जुलैत कॅनब आणि मॉन्युमेंट व्हॅली दोन्ही पेजच्या एक तास पुढे. अँटिलोप नवाहोंच्या जमिनीवर असूनही तिथल्या टूर पेजच्या वेळेनुसार चालतात. एकची टूर संपून गाडीत बसेपर्यंत अडीच-पावणेतीन होणार. तिथून मॉन्युमेंट व्हॅली दोन तासांच्या वर. तुमच्या हिशेबात पावणेपाच-पाचला पोचाल, तिथे तेव्हा पावणेसहा-सहा वाजलेले असतील. ५ ची जीप गेलेली असेल.

सांजवारा
हे कुठेच वाचलं नव्हतं. फोन आपोआप वेळ बदलत नाही का?

कृष्णाकाठ
बदलतो, तोच तर त्रास. पेजच्या आसपास कधी एका बाजूचा टॉवर पकडतो, कधी दुसऱ्या बाजूचा. फोनमधली आपोआप वेळ बंद करा आणि फिनिक्सची वेळ लावून ठेवा.

हिरवळ
जेवणाचं काय ठरवलंय? शाकाहारी असाल तर थेपले, दशम्या बरोबर घ्या. पेजला मोठी किराणा दुकानं आहेत, तिथून दही, फळं घेता येतात. पुढे मॉन्युमेंट व्हॅलीच्या वाटेवरच्या कायेंटा गावापर्यंत फारसं काही नाही. पाणी भरपूर ठेवा, जुलैत पारा ४० अंशांच्या आसपास असतो.

पाथरवट
जुलैचा शेवट म्हणजे पावसाळी वादळांचे दिवस, हे कोणी बोलतच नाहीये. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. घळीवर पाऊस नव्हता, तो कित्येक मैल दूर वरच्या बाजूला पडला होता. आता हवामानावर लक्ष ठेवतात आणि धोका दिसला की टूर रद्द करतात. त्यामुळे पैसे परत मिळण्याची अट वाचूनच बुक करा आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या. वादळं बहुतेक दुपारनंतर उठतात.

सांजवारा
मग १०:३० घेऊ का? झोत दिसतील?

रानफूल
घ्या. साडेदहाची टूर असेल तर शेवटी शेवटी झोत मिळण्याची शक्यता आहे, आणि एक वाजता पेज सोडलंत तरी मॉन्युमेंट व्हॅलीच्या वेळेने सव्वाचार-साडेचारला पोचाल. कॅनबहून तिथल्या घड्याळाप्रमाणे साडेसातला निघा. पेजला पोचाल तेव्हा तिथे पावणेआठ वाजलेले असतील. आधी हॉर्सशू बेंड, म्हणजे कड्यावरून दिसणारं नदीचं नालेच्या आकाराचं वळण, उरकून घ्या. जाऊन-येऊन दीड मैल आहे, सकाळीच बरं. तिथलं पार्किंग पेज नगरपालिकेचं आहे, नॅशनल पार्कचा पास चालत नाही. कठडा कड्याच्या थोड्याच भागाला आहे, आईचा हात धरा.

मुळशीकर
आणि धरण? बाबांना ग्लेन कॅन्यन धरण नक्की दाखवा. ७१० फूट उंच, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. कॅनबहून येताना रस्ता धरणाशेजारच्या पुलावरूनच जातो. पुलावर पायी चालता येतं, खाली बघितलं की उंची कळते. पेज गावच धरणाच्या कामगारांसाठी १९५७ मध्ये वसवलं. १९६३ मध्ये पाणी अडवलं आणि धरणाचा तलाव, लेक पॉवेल, पूर्ण भरायला १९८० उजाडलं.

पाथरवट
त्या पाण्याखाली ग्लेन कॅन्यन नावाची अख्खी घळ बुडाली, हेही बाबांना सांगा. कड्यांवर पाण्याचा पांढरा पट्टा दिसतो, तलाव किती आटलाय ते त्यावरून कळतं. २०२३ च्या वसंतात पातळी भरल्यापासूनच्या नीचांकाला गेली होती. एवढ्या वाळवंटात एवढं पाणी उघड्यावर ठेवून वाफ होऊ द्यायचं, हे मला कधी पटलं नाही.

मुळशीकर
वीज आणि साठा कुठून आणणार मग? धरण नसतं तर पेजही नसतं आणि हा धागाही नसता. आमच्याकडे धरणात गावं गेली, ते दुःख मला माहीत आहे. तरीही धरणाचा उपयोग नाकारता येत नाही.

पाथरवट
उपयोग नाकारत नाही, किंमत मोजताना घळही मोजा म्हणतोय. वेगळा धागा काढू या.

अबोली७
कोणी सांगेल का, माझा मुलगा फिनिक्सला शिकतोय, तिथून पेजला एका दिवसात जाऊन येता येईल का?

कृष्णाकाठ
@अबोली७, एका बाजूने साडेचार तास. मुक्काम करायला सांगा, रात्री त्या रस्त्यावर गुरं येतात.

सांजवारा
अप्पर, १०:३०, बुक केलं. सगळ्यांचे आभार. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, धरणाचं ऐकून तेच आता यादी करतायत. एक राहिलं: पाठीवरची छोटी पिशवी आत नेता येते का? आईची औषधं, पाणी असतं.

रानफूल
पिशव्या चालत नाहीत, ट्रायपॉडही नाही. औषधं खिशात ठेवा, पाण्याची बाटली हातात. बाकी सामान गाडीत झाकून ठेवा, पण औषधं उन्हात गाडीत ठेवू नका.