बर्फातील मुक्कामासाठी स्लीपिंग बॅग आणि मॅट कोणती घ्यावी?

खानापूरकर:
डिसेंबरअखेर आम्ही चौघे उत्तराखंडातील केदारकंठा या हिमशिखराच्या ट्रेकला जाणार आहोत. आजवरचे आमचे मुक्काम राजहंसगड, जांबोटी आणि पारगड या परिसरातच झाले असून तिथे सतरंजी आणि वाकळ पुरते. बेळगावात 'उणे १०' असे छापलेली सिंथेटिक बॅग आणि तिच्या दुप्पट किमतीची पिसांची बॅग पाहिली आहे. यांपैकी कोणती घ्यावी, आणि खाली साधी फोमची मॅट चालेल का?

सह्यवाट:
तो 'उणे १०' नेमका कशाचा आकडा आहे, हे आधी पाहावे. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट (निवांत झोपेचे), लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागण्याचे) आणि एक्स्ट्रीम अशी तापमाने दिलेली असतात. त्यांतील एक्स्ट्रीम हे झोपेचे नव्हे, तर कसाबसा जीव तगवण्याचे तापमान असते. खरेदी कम्फर्टचा आकडा पाहूनच करावी.

मॅटचा प्रश्न मात्र मला बॅगेपेक्षा मोठा वाटतो. पाठीखालचे भरण अंगाच्या वजनाने चेपले जाते, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि मग कितीही महागडी बॅग असली तरी खालून गारठा चढतोच. माझ्या पहिल्या हिमालयवारीत बॅग उत्तम होती, पण मॅट पातळ होती. रात्री दोन वाजता रकसॅक रिकामी करून आणि दोराची वेटोळी उलगडून त्यांवर पाठ टेकावी लागली. मॅटवरील आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅट खालचा गारठा किती अडवते याचा आकडा, पाहावी. घडीच्या फोम मॅटची ती साधारण २ असते, बर्फावर ४ ते ५ हवी. दोन मॅट एकावर एक घातल्यास त्यांची बेरीज होते.

कणकुंबीचा पाऊस:
वरील मताशी सहमत आहे. पिसांची बॅग हलकी आणि उबदार खरी, परंतु ओल लागली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. माझी बॅग पावसाळाभर पिशवीत दाबून ठेवल्याने तिला असा कुबट वास लागला, की तंबूतल्या सोबत्यानेच तक्रार केली. आपल्या हवेत ती कपाटात मोकळी टांगावी. एवढी निगा जमणार नसेल, तर सिंथेटिकच बरी. हवेची मॅट घेतल्यास खाली फोमची असू द्यावी, कारण काटा-खडा लागून हवा गेली तर रात्र निभावते.

खानापूरकर:
आभारी आहे. आज पुन्हा दुकानात जाऊन बॅगेच्या आतली पट्टी वाचली: कम्फर्ट ७, लिमिट ३, एक्स्ट्रीम उणे १०. ती बॅग तिथेच ठेवली. फोमच्या मॅट मात्र माणशी दोन घेतल्या.