दंगा काबू पथक, शीघ्र कृती दल, एसआरपी : हे सगळे एकच का?

आमच्या रावेर भागात केळीच्या भावासाठी रास्ता रोको झाला, तासाभरात रस्ता मोकळाही झाला, पण बातमीत छापून आलं 'दंगा नियंत्रण पथक दाखल' आणि पुण्याहून मामांचा फोन, काय रे तिकडे दंगल पेटली का? शेतकरी डांबरावर मांडी घालून बसले होते, दुसरं काहीच नव्हतं. मग या पथकाला म्हणायचं तरी काय?

— भाऊ, मी धुळ्याचा. इथे राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे, त्याला आम्ही एसआरपीच म्हणतो, ते राज्याचं दल, जिथे बंदोबस्त लागेल तिथे कंपन्या जातात. दंगा काबू पथक मात्र जिल्ह्याच्या पोलिसांचं असतं. सणाच्या आधी चौकात 'दंगा काबू योजने'ची रंगीत तालीम होते ती बघा, साध्या कपड्यातले पोलीसच जमाव होऊन घोषणा देतात, समोर हेल्मेट-ढालीवाले, आधी भोंग्यावरून इशारा मग अश्रुधूर मग लाठी. त्या शब्दात 'काबू' आहे म्हणून तो कानाला आपला वाटतो, 'नियंत्रण' कागदी.

खरा घोळ 'शीघ्र कृती दल' मध्ये आहे. केंद्राच्या सीआरपीएफमधलं आरएएफ म्हणजे रॅपिड अ‍ॅक्शन फोर्स, १९९२ चं, निळ्या गणवेशातलं, ते गर्दी आणि दंगलीसाठी. आणि पेपरवाले 'शीघ्र कृती दल' हेच नाव क्यूआरटीलाही (क्विक रिस्पॉन्स टीम) लावतात, जी बंदुका घेऊन अतिरेकी हल्ल्यासाठी सज्ज असते. दोन्ही कामं एकदम वेगळी! क्यूआरटीला 'जलद प्रतिसाद पथक' असंही छापतात, तेच कायम ठेवावं. एटीएस म्हणजे दहशतवादविरोधी पथक, २००४ पासूनचं, त्यांचं मुख्य काम माहिती काढणं आणि तपास, तर फोर्स वन हे २६/११ नंतर उभं केलेलं कमांडो दल. आणि आपण मध्य प्रदेशाच्या शिवेवर म्हणून 'आतंकवाद' सर्रास बोलतो, पण मराठीत दहशतवादच लिहा.

— बरोबर दादा, आणि काहीजण 'दंगल नियंत्रण' लिहितात, आमच्याकडे यात्रेत कुस्त्यांचीही दंगलच असते. मला 'जमाव नियंत्रण पथक' पटतं. जमावबंदी शब्द सगळ्यांना माहीत आहे, आणि जमाव म्हटलं की बसलेला शेतकरी दंगेखोर ठरत नाही. काबूच ठेवायचं तर 'जमाव काबू पथक' चालेल का?