शिक्षणसेवक म्हणून नवीन लागली, शिकवायचं कसं हे दाखवणारं कोणी असतं का?

नवीन_मॅडम: नमस्कार सगळ्यांना. टेट झाली (पात्रता परीक्षा), टीएआयटी झाली (भरतीची परीक्षा), भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेत नंबर लागला आणि आता रामटेकच्या पुढे एका दोन शिक्षकी शाळेत आहे, नागपूरवरून अपडाऊन करते. कायम होण्याआधी ३ वर्षं शिक्षणसेवक, १६ हजार मानधन, त्याचं काही नाही, माहीत होतंच. प्रॉब्लेम असा की पहिली-दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे आहे, डीएडला अशा वर्गाचा एकही पाठ घेतला नव्हता, पहिलीला अक्षर गिरवायला लावलं की दुसरीचे पोट्टे भिंतीवर चढतात. मुख्याध्यापक सर चांगले आहेत पण तेही तिसरी-चौथी शिकवतात, वरून पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती, त्यांना काय विचारू. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब) विचारायला भीती वाटते. मेंटॉर वगैरे मिळतो का कुठे की आपणच शोधायचा?

खडू_फळा: मॅडम, भीती वाटते हे तुम्ही लिहिलं तीच खरी गोष्ट आहे. जो माणूस उद्या तुमच्या शाळेचा भेट अहवाल लिहिणार त्याच्यासमोर कोण म्हणेल की मले वर्ग सांभाळता येत नाही? म्हणून मेंटॉर हा साहेब नको, शेजारच्या शाळेतला गुरुजी हवा. मी लागलो तेव्हा केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एक मॅडम शिक्षकांच्या बैठकीत (शिक्षण परिषदेत) भेटल्या, मी एक दिवस रजा टाकून त्यांच्या वर्गात बसलो, मग त्या माझ्या वर्गात आल्या. मागे चटईवर बसून फक्त एक काम केलं, मी कोणाला प्रश्न विचारला त्याच्या खुणा केल्या. तासानंतर कागद दाखवला तर खिडकीजवळच्या तिघांना मी एकदाही विचारलं नव्हतं. बाप्पा, लाज वाटली, पण त्या कागदाने जे शिकवलं ते कोणत्याच ट्रेनिंगने नाही शिकवलं.
तुमच्या जोडवर्गाचं (दोन इयत्ता एकत्र) म्हणाल तर आधी दुसरीला काम लावा, मग पहिलीकडे वळा. आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवा, हातच्याची बेरीज गटात करतात, २० मिनिटं तरी भिंतीवर चढत नाहीत.

सावनेरवाला: मेंटॉर म्हणे 😄 नवीन शिक्षण धोरणात सगळं आहे, वर्षाला ५० तास प्रशिक्षणही आहे. नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग एनसीटीईकडे (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) दिलं, २०२२ ला केंद्र सरकारच्या ३० शाळांत पायलट झालं. आपल्या झेडपीत अजून माझ्याशी तरी कोणी बोललं नाही. आम्हाले लिंक येते, व्हिडिओ लावून ठेवायचा, प्रमाणपत्र डाऊनलोड करायचं. झालं मेंटॉरिंग.

बाई_२१वर्षे: सावनेरवाले दादा, खरं आहे, पण पोरगी आत्ता अडली आहे, तिला पायलट सांगून काय करायचं. आणि एक सांगू, २१ वर्षं झाली तरी मलाही कोणीतरी हवंच असतं. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण केलं ते पगारासाठी, २४ वर्षांनी निवडश्रेणीचंही तसंच करीन, मधे वर्गात येऊन कोणी बसलंच नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे नवीन सर आले, त्यांना मी पालकसभा कशी घ्यायची ते दाखवलं (संध्याकाळी घ्या, धानाची रोवणी असली की दिवसा कोणीच येत नाही), त्यांनी मला मुलांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करून पुन्हा ऐकायला शिकवलं. ऐकल्यावर कळलं, एक मुलगी वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. इतके दिवस मी तिला हुशार समजत होते.
रामटेककडे माझ्या ओळखीच्या एक मॅडम जोडवर्गच घेतात. मेसेज करा, नंबर देते.

नवीन_मॅडम: बाई, केला मेसेज. खडू_फळा सर, काड्या शनिवारी सीताबर्डीवरून आणते. फक्त एक, रजा टाकताना कारण काय लिहिलं होतं तुम्ही?

खडू_फळा: घरगुती 😅