विषय: गेम लावला की स्क्रीन काळी, पंखे पूर्ण वेगात. ग्राफिक्स कार्ड गेलं का?

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपवर ब्राउझर, व्हिडिओ सगळं नीट चालतं. गेम किंवा ब्लेंडरचं रेंडर लावलं की दहा-बारा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागतात. हेडफोनमध्ये आवाज मात्र चालूच असतो. शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागतं. कार्ड ३२० वॅटचं, जीडीडीआर६एक्स मेमरीचं, ८ पिनची दोन सॉकेट असलेलं. पॉवर सप्लाय ७५० वॅटचा. ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये काढून नव्याने टाकला, फरक नाही. नवीन कार्ड घेण्याआधी काय तपासू?

——

ताई, नमस्कार.

आवाज चालू राहतो, ही फार कामाची खूण आहे. प्रोसेसर, रॅम, विंडोज जिवंत आहेत, मान टाकली ती कार्डाने. पॉवर सप्लायने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली असती, तर अख्खं मशीनच बंद पडलं असतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) सिस्टम लॉग उघडा आणि स्क्रीन गेली त्या मिनिटाच्या नोंदी बघा. ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर ड्रायव्हरने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तो पुन्हा सुरू केला. कर्नल-पॉवर ४१ तर दिसणारच, कारण बटण तुम्हीच दाबलंत. त्यावरून पॉवर सप्लायला दोष देऊ नका.

मग केस उघडा. दोन्ही सॉकेटना पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल येतात, की एकाच केबलला दोन तोंडं आहेत? ८ पिनच्या एका सॉकेटची मर्यादा १५० वॅट, मदरबोर्डच्या स्लॉटची ७५. एकाच केबलवर दोन्ही सॉकेट चालवली, तर जोराच्या क्षणी तिच्यातलं व्होल्टेज खाली येतं. शिवाय काही मिलिसेकंदांपुरती कार्डाची ओढ ३२० च्या बरीच वर जाते. दुसरी केबल त्याच पॉवर सप्लायसोबत आलेलीच लावा. मॉड्यूलर (दोन्ही टोकांनी सुट्या होणाऱ्या) केबल दिसायला सारख्या असल्या तरी पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते. चुकीची लागली तर कार्ड जळू शकतं.

आता खरी परीक्षा. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग आणि वीज बदलणारं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ७०% वर आणा आणि तोच गेम तासभर चालवा. टिकला तर दोष विजेचा किंवा उष्णतेचा. तरीही पडला तर पॉवर लिमिट परत १०० वर नेऊन मेमरी क्लॉक ५०० मेगाहर्ट्झने खाली घ्या. त्याने टिकला तर मेमरीच्या चिपवर संशय. चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) कोर, हॉट स्पॉट (चिपचा सर्वांत गरम बिंदू), मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान) आणि १२ व्होल्टची रेषा (पॉवर सप्लायचं मुख्य व्होल्टेज), हे चार आकडे लिहून ठेवा.

——

वरच्या मेलला माझी थोडी जोड.

स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्या तर लगेच स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडा. ठिपके चित्रातही असतील तर दोष कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये, नसतील तर आधी केबल आणि मॉनिटर बदलून बघा. बायॉसच्या स्क्रीनवरही ठिपके असतील तर ड्रायव्हरमागे वेळ घालवू नका, तिथे ड्रायव्हर सुरूच झालेला नसतो.

प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय७-आय९ आहे का? त्यांच्या अस्थिरतेमुळे गेममध्ये चक्क ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येत होता आणि लोक चांगली कार्डं परत करत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायॉसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला. बायॉस त्यानंतरचा असायला हवा.

आणि कृपा करून कार्ड ओव्हनमध्ये भाजू नका. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं, त्याच्या खाली सांधे काही दुरुस्त होत नाहीत. कार्ड जिवंत झालंच तर थोड्या दिवसांपुरतं, आणि प्लास्टिकचा धूर आपल्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये.

——

प्रोसेसर इंटेलचा नाही. केबल एकच, दोन तोंडांची होती. आता दोन वेगळ्या लावल्या, तरी २० मिनिटांनी स्क्रीन गेलीच. ७०% वर दोन तास टिकलं. पूर्ण जोरावर कोर ७४, हॉट स्पॉट १०४, मेमरी १०८. १२ व्होल्टची रेषा ११.९ च्या खाली गेली नाही.

——

ताई, तुमच्या आकड्यांनीच उत्तर दिलं. १२ व्होल्टला ५% सूट असते, म्हणजे ११.४ पर्यंत चालतं. वीज ठीक आहे. कोर आणि हॉट स्पॉटमध्ये १०-१५ अंशांचं अंतर नेहमीचं, तुमच्याकडे ३० आहे. चिपवरची उष्णता हीटसिंकला देणारी पेस्ट कडेला सरकली आहे. ही मेमरी ११० ला स्वतःचा वेग कमी करते आणि तुमची १०८ ला पोचली आहे, म्हणजे मेमरीची उष्णता हीटसिंकला देणारी मऊ पॅडही सुकली आहेत.

उघडण्याआधी वॉरंटी बघा. स्क्रूवर ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर असलं म्हणून इथे अमेरिकेत वॉरंटी आपोआप जात नाही. एफटीसीने (ग्राहकहित बघणारी इथली सरकारी संस्था) २०१८ मध्ये कंपन्यांना याबद्दल ताकीद दिली होती. पण उघडताना आपल्या हातून काही तुटलं तर ते आपल्यावरच. भारतातून आणलेलं कार्ड असेल तर वॉरंटी बहुधा तिथेच चालेल.

वॉरंटी संपली असेल तर कार्ड ५-१० मिनिटं जोरात चालवून गरम करा, म्हणजे पेस्ट सैल होते. मग मशीन बंद करून प्लग काढा. चिपभोवतीचे चार स्क्रू कोपऱ्यासमोरचा कोपरा या क्रमाने थोडे थोडे सोडा. हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा; वर ओढू नका, पंख्यांच्या वायरी आखूड असतात. जुनी पेस्ट ९९% आयसोप्रोपिलने पुसा. नवी पेस्ट पूर्ण चिपवर पातळ पसरा; इथे प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं, कोपरा उघडा राहिला की तोच हॉट स्पॉट होतो.

पॅडच्या जाडीत घाई नको. जुन्या पॅडचा न दबलेला काठ कॅलिपरने मोजा. एकाच कार्डावर मेमरीला एक आणि व्हीआरएमला (चिपला वीज पुरवणारा कार्डावरचा भाग) दुसरी जाडी असू शकते. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावलं तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही, आणि मेमरी थंड झाली तरी कोर पहिल्याच मिनिटाला नव्वदीपार जातो. तसं झालं तर लगेच बंद करा, स्क्रू जास्त आवळून भागणार नाही.

जोडून झालं की १००% पॉवरवर अर्धा तास चालवा आणि तेच चार आकडे इथे पाठवा.